आठवी जागा

यादी त्यांनी मोबाइलवर पाठवली:
तीन सदरे, दोन पायजमे, टॉवेल, आधार कार्डाची झेरॉक्स,
दवाखान्यातून सुटल्याचा कागद, उशीचा अभ्रा घरचाच.
आफ्टरशेव्ह नको. अत्तर नको. खोकल्याचं औषध विचारून.
फोन फाटकावर जमा.
पहिल्या दिवशी एकट्याने यायचं.
मी विचारलं, अवजारांची पेटी आणू का,
घड्याळं दुरुस्त करतो, मांडवीजवळ दुकान आहे.
उत्तर आलं, चिमटे, भिंग, स्क्रू-ड्रायव्हर चालतील.
स्पिरिटची बाटली नाही.

रेणूने प्रत्येक सदऱ्याच्या कॉलरला
आतून मार्करने माझं नाव घातलं.
ती पहिलीत गेली तेव्हा
तिच्या डब्यावर तिचं नाव मी कोरलं होतं,
खिळ्याने, काना-मात्रेसकट.

पुण्याचे पाहुणे हसून विचारतात,
तुमचं तर कोरडं राज्य, तिथे मिळते कुठे?
मी त्यांना कधी सांगितलं नाही
विश्वामित्रीच्या पलीकडच्या टायरवाल्याविषयी,
त्याच्या मागे पोटल्या घेऊन बसणाऱ्या पोराविषयी.
काका म्हणायचा मला.
वहीत उधारी मांडायचा,
'घडियाळवाळा' या खात्यावर.

बॅग अर्धीच भरली.
सहा महिन्यांना इतकंच लागतं माणसाला,
की मलाच इतकं, कोण जाणे.
चारुशीलेला म्हटलं, बस जरा. कागद घे.
ती बसली. कागद घेतला नाही.

एक, कूलरच्या टाकीत, गवताच्या मागे.
दोन, माळ्यावर, मखराच्या खोक्यात.
तीन, गव्हाच्या पिंपात, तळाशी.

पिंपातली ठाऊक आहे, ती म्हणाली.
दोन वर्षांपूर्वी दळणाला गहू काढताना लागली हाताला.
पुसली आणि परत ठेवली.

का?

काढली असती तर तू नवी जागा शोधली असतीस.
ही निदान मला माहीत होती.
किती उरली ते बघून
संध्याकाळी कूकर किती वाजता लावायचा ते ठरवायचे.

मी चष्मा पुसत राहिलो.
चार, पाच, सहा, सात,
हे खाली बघूनच सांगितलं.

त्या दोघी मोरीत ओतत होत्या तेव्हा
मला गॅलरीत उभं करण्यात आलं.
खाली सेव-उसळवाला तर्रीच्या टोपात डाव फिरवत होता,
कुणीतरी पाव वाढव म्हणत होतं,
आणि मला त्याही परिस्थितीत
वासावरून कळत होतं कोणती कुठली.
रेणूने पंखा पाचवर केला.

सकाळी रिक्षा. बॅग पायाशी, पेटी मांडीवर.
चारुशीला जिन्यापर्यंत आली,
दाढीचं ब्लेड घेतलंस का, एवढंच विचारलं.
रिक्षावाल्याला वाघोडिया रोड सांगितला,
कुणाकडे ते सांगितलं नाही.
दुकानावरून गेलो. शटर खाली,
त्यावर कुणीतरी क्लासची जाहिरात चिकटवलेली.

पाणीगेट ओलांडलं
आणि आठवी जागा आठवली.
आठवली, की कालपासून तिला मी
नुसतंच नाव न घेता बसवून ठेवलं होतं,
याचा हिशेब मला लागत नाही.
दुकानात, आतल्या भिंतीवर
गिऱ्हाईकाने अकरा वर्षं न नेलेलं लंबकाचं घड्याळ आहे.
लंबक मी कधीच काढून ठेवला होता.
त्याच्या जागी ती बरोबर बसते,
भिंतीला पाठ लावून, जरासुद्धा न हलता.

सहा महिन्यांनी मी परत येणार होतो.
शटर मीच उघडणार होतो.

फाटकाला अजून चार किलोमीटर होते,
फोन अजून माझा होता.
हात बघितला. थरथरत होता, पण तो थरथरतोच.
नंबर लागला. पलीकडे कूकरची शिट्टी झाली.

अगं, म्हटलं, दुकानातलं एक राहिलं.

ती काही बोलली नाही.
रिक्षा खड्ड्यातून गेली, पेटीत चिमटे वाजले.

थांब, म्हणाली,
कागद घेते.